पुणे ते गोवा इलेक्ट्रिक गाडीने: वाटेत चार्जर शोधायचा कसा?

इलेक्ट्रिक गाडी घेतली की मेहुण्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात, "गोव्याला जाते का?" जाते. हल्ली आरामात जाते. फक्त निघायच्या आदल्या रात्री अर्धा तास बसून थोडं गणित मांडावं लागतं. ते अवघड नाही, पण कुणी धड सांगत नाही. शोरूमवाला रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते ते, सांगून मोकळा होतो, ॲप नकाशा दाखवून मोकळं होतं, आणि मधलं सगळं आपल्या गळ्यात पडतं.

नकाशा उघडला तर पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत चार्जरचे ठिपकेच ठिपके दिसतात. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला चार प्रश्न विचारायचे. त्याची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा गाडीत खोचायचा प्लग, माझ्या गाडीला बसते का? आज तो चालू आहे का? मी पोचेन तेव्हा मोकळा असेल का? आणि यातलं काही बिनसलं, तर तिथून पुढचा चार्जर किती लांब? बहुतेक लोक पहिल्या तीन प्रश्नांतच अडकतात. माझ्या मते चौथा सगळ्यात मोलाचा. दुसऱ्या-तिसऱ्याचं उत्तर तुम्ही वाटेत असताना बदलू शकतं. चौथ्याचं उत्तर घरी बसूनच काढून ठेवता येतं आणि ते सहसा बदलत नाही.

आधी युनिटचा हिशोब

बॅटरी किती मोठी हे युनिटमध्ये मोजतात, आणि हे युनिट म्हणजे महावितरणच्या बिलावरचंच युनिट. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. आता त्याच गाडीत ४५ युनिटची मिळते, तर महिंद्राच्या एक्सईव्ही ९ईसारख्या गाडीत ७९ युनिटपर्यंत. चार्जरचा जोर मात्र किलोवॅटमध्ये मोजतात. ३० किलोवॅटचा चार्जर तासाभरात ३० युनिट भरतो, ६०चा ६०. निदान बोर्डावर तरी तसं लिहिलेलं असतं.

तुमच्या गाडीचा एकच आकडा पाठ करा: हायवेवर एका युनिटमध्ये ती किती किलोमीटर जाते. गाडीच्या स्क्रीनवर तो दिसतो. काही गाड्या तो उलटा दाखवतात, वॉट-अवर प्रति किलोमीटर. मग हजाराला त्या आकड्याने भागायचं. १५० दिसत असेल तर युनिटला साडेसहा किलोमीटरच्या जरा वर. मध्यम आकाराची गाडी, चार माणसं, एसी चालू आणि वेग ताशी ८५ ते ९५ असेल, तर साडेसहा हा धरून चालण्याजोगा आकडा आहे.

हा आकडा हातात आला की चार्जरकडे बघायची नजरच बदलते. ३० किलोवॅटचा चार्जर म्हणजे मिनिटाला साधारण तीन किलोमीटर. ६०चा म्हणजे सहा-साडेसहा. मॉलमधला ७ किलोवॅटचा स्लो चार्जर तासाला ४५ किलोमीटर देतो, आणि हॉटेलच्या खोलीबाहेरचा पंधरा अँपिअरचा पॉइंट तासाला जेमतेम १८-२०. त्यामुळे हायवेवर जेवायला थांबताना ७ किलोवॅटचा चार्जर असून नसल्यासारखा, आणि रात्रभर मुक्काम असेल तर तोच राजा.

कागदावरच्या रेंजवर मात्र विसंबू नका. पहिल्या नेक्सॉनची कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर होती. हायवेवर दोनशे-सव्वादोनशे मिळाले की लोक खूश असायचे. यात फसवणूक नाही. ती चाचणी कमी वेगाने आणि ठरलेल्या परिस्थितीत होते, एवढंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, १२० वर सव्वादोन पट. त्यामुळे चार्ज कमी पडेल असं वाटलं तर एसी बंद करून घामाघूम होण्याआधी वेग दहा-पंधराने कमी करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

घाटाचं गणित शाळेतल्या पुस्तकातलंच आहे. माणसं आणि सामान धरून गाडी १,९०० किलोची झाली असं समजा. ती ६०० मीटर उंच न्यायला, मोटरमधला अपव्यय धरून, साडेतीन युनिटच्या आसपास लागतात. म्हणजे बोरघाटाएवढा चढ हा सपाट रस्त्यावरच्या वीस-बावीस किलोमीटरइतका खर्च. रस्त्याच्या अंतरात एवढे किलोमीटर जास्तीचे धरून टाका, संपलं. उतरताना मोटर उलटी फिरून वीज परत भरते, त्याला सगळे ‘रिजन’ म्हणतात. चढताना गेलेल्यातली निम्म्याहून थोडी जास्त वीज परत येते.

त्यात एक गंमत आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रिजनला वीज ठेवायला जागाच उरत नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. तिथल्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग लावून सकाळी १०० टक्क्यांवर पसरणीचा घाट उतरायला लागलात, तर वीज परत मिळत नाहीच, वर सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. तिथे ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग बंद करायचं. वाईला पोचेपर्यंत घाट थोडंफार भरून देतो.

कुठली गन, कुठला जोर

सुदैवाने ही भानगड आता बरीच मिटली आहे. भारतात हल्ली विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रिक कारना फास्ट चार्जिंगसाठी ‘सीसीएस टू’ गन लागते आणि स्लो चार्जिंगसाठी ‘टाइप टू’. सीसीएस टू म्हणजे टाइप टूच्या गोल तोंडाखाली दोन जाड पिना. नकाशावर अजून ‘भारत डीसी ००१’ किंवा ‘जीबीटी’ असे जुने १५ किलोवॅटचे चार्जर दिसतात. ते सुरुवातीच्या काळातल्या गाड्यांसाठी लावलेले, तुमच्या कामाचे नाहीत. ॲपच्या फिल्टरमध्ये सीसीएस टू आणि किमान २५ किलोवॅट एवढं निवडलंत की निम्मे ठिपके गायब होतात, आणि उरतो तो खरा नकाशा.

चार्जरवर ६० लिहिलं म्हणजे ६० मिळतीलच असं नाही. पुष्कळ चार्जरना दोन गना असतात, आणि दोन्हीवर गाड्या लागल्या की जोर वाटला जातो, दोघांना तीस-तीस. शिवाय गाडीचीही स्वतःची मर्यादा असते. ५० किलोवॅटपर्यंतच घेऊ शकणारी गाडी १२०च्या चार्जरला लावली तरी ती ५०च घेणार. तेव्हा छोट्या गाडीवाल्यांनो, शेजारी ३०चा मोकळा असेल तर १२०ची गन मोठ्या गाडीला सोडा.

आणि ऐंशी टक्क्यांनंतर वेग मुद्दाम कमी केला जातो. बॅटरी भरत आली की तिच्यात तेवढ्याच जोराने वीज ढकलणं तिला मानवत नाही, म्हणून गाडी स्वतःच चार्जरला ‘हळू’ म्हणून सांगते. शेवटच्या वीस टक्क्यांना पुष्कळदा आधीच्या चाळीस टक्क्यांएवढा वेळ लागतो. पुढचा टप्पा खरोखरच ओसाड असेल तरच ८०च्या वर बसून राहा.

एवढी ॲप कशाला?

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त चिडचिड इथे होते. चार्जर लावणाऱ्या प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं: टाटा पॉवरचं वेगळं, स्टॅटिकचं वेगळं, जिओ-बीपीचं वेगळं, चार्जझोनचं वेगळं, आणि प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये आधी पैसे भरा. याचं मूळ २०१८ मध्ये आहे. विद्युत कायद्यानुसार वीज विकायला परवाना लागतो. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नाही, सेवा आहे, त्यामुळे परवाना नको. मैदान खुलं झालं. चार्जर भराभर वाढले ते त्यामुळेच, आणि ज्याचं त्याचं ॲप झालं तेही त्यामुळेच. फायदा-तोटा एकाच पदरात.

सेवा ठरल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो. काही ॲप कर धरून दर दाखवतात, काही धरत नाहीत, तेव्हा तुलना करताना तेवढं बघा. फास्ट चार्जिंगला साधारण १८ ते २५ रुपये युनिट पडतं. म्हणून घरून निघताना गाडी पूर्ण भरून निघायची, कारण घरची वीजच सगळ्यात स्वस्त.

कुठे काय आहे हे बघायला प्लगशेअर हे ॲप चांगलं, कारण तिथे सगळ्या कंपन्यांचे चार्जर एकत्र दिसतात आणि लोक स्वतः नोंद करून जातात. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘ईव्ही यात्रा’ नावाचं ॲप काढलं. पण ठिपका कुठल्याही ॲपवर दिसला तरी मी आधी शेवटची नोंद कधीची आहे ते बघतो. काल कुणीतरी ‘४८ किलोवॅट मिळाले, शेजारी मिसळ छान’ असं लिहून गेलं असेल तर तो चार्जर जिवंत. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची असेल आणि ॲपवर हिरवं ‘उपलब्ध’ दिसत असेल, तर त्या हिरव्यावर फार भरवसा नको. चार्जर नेटवर्कला जोडलेला आहे एवढंच त्याचा अर्थ असू शकतो.

त्याहून खात्रीचा उपाय जुनाच आहे: फोन. चार्जर हॉटेलच्या आवारात असेल तर हॉटेलला, पंपावर असेल तर पंपावर फोन लावायचा. "दादा, तुमच्याकडचा कारचा चार्जर चालू आहे का? आज कुणी गाडी लावली होती का?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पहिल्याला सगळेच ‘हो’ म्हणतात.

काही ठिपके दिसतात पण मिळत नाहीत, ते आधीच वगळा. गाड्यांच्या शोरूममधले चार्जर संध्याकाळी शटरबरोबर बंद होतात, आणि काही ठिकाणी दुसऱ्या कंपनीच्या गाडीला नाही म्हणतात. मोठ्या हॉटेलांच्या तळघरातले चार्जर ‘फक्त राहणाऱ्यांसाठी’ निघतात. मॉलमधल्या चार्जरला पार्किंगचे वेगळे पैसे पडतात.

आता रस्त्यावर

पुण्याहून पणजी, आंबोलीमार्गे, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. गाडी ४५ युनिटची, युनिटला साडेसहा किलोमीटर, सकाळी निघताना १०० टक्के.

कोल्हापूर २३० किलोमीटर. त्याला ३५-३६ युनिट लागतील, म्हणजे न थांबताही २० टक्के राखून पोचता येतं. जाणारे जातातही. मी मात्र कराडलाच थांबायला सांगेन. कराड पुण्यापासून १६० किलोमीटर, तिथे पोचताना ४० ते ४५ टक्के शिल्लक असते. चाळीस टक्के म्हणजे १८ युनिट, म्हणजे ११५ किलोमीटरची मोकळीक. ठरवलेला चार्जर बंद निघाला, पुढच्यावर रांग असली, तरी सरळ कोल्हापूरपर्यंत जाण्याइतकी वीज हातात आहे. वीस टक्क्यांवर तोच प्रसंग आला तर माणूस बायकोशी भांडतो.

हाच नियम सगळीकडे. ज्या चार्जरवर थांबायचं आहे तिथे पोचल्यावर त्याच्या पुढचा चार्जर गाठण्याइतकी वीज उरली पाहिजे. पुणे–कोल्हापूर पट्ट्यात चार्जर जवळजवळ आहेत, तिथे १५ टक्के पुरतात. विरळ भागात ३० ठेवा.

कराडला जेवण होईपर्यंत, ३० किलोवॅटवर ३५-४० मिनिटांत, गाडी ८० टक्क्यांवर येते. कोल्हापूर तिथून ७०-७५ किलोमीटर, पोचताना ५५ टक्के. आता इथे, पुरेशी वीज असताना, परत थांबायचं आणि ८५-९०पर्यंत भरायचं. कारण निपाणीवरून हायवे सोडून उत्तूर, आजरा, आंबोलीकडे वळलात की चार्जर विरळ होतात आणि मोबाइलची रेंजही जंगलात दगा देते. कोल्हापूर ते सावंतवाडी दीडशेच्या आत-बाहेर, म्हणजे २३ युनिट, अर्धी बॅटरी. आंबोलीचा घाट उतरताना पाचशे मीटरहून जास्त उतार आहे, त्यात दीड-दोन युनिट परत येतात. सावंतवाडीत ४० टक्क्यांवर पोचाल. पणजी पुढे साठ-सत्तर किलोमीटर. उरलेल्या चार्जवर पोचता येतं, पण मुक्कामाच्या हॉटेलात चार्जिंगची सोय पक्की नसेल तर बांद्याच्या अलीकडेच थोडं भरून घ्या.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात चार्जर सारख्या अंतरावर उगवत नाहीत. ते शहरांच्या वेशीवर आणि मोठ्या फूड मॉलांपाशी गर्दी करतात, मधला टप्पा रिकामा राहतो. समृद्धी महामार्गाचं वेगळंच. ७०१ किलोमीटरचा रस्ता, वेगमर्यादा १२०, आणि तो बंदिस्त, म्हणजे मनात आलं तिथून बाहेर पडता येत नाही. तिथे चार्जरचं अंतर रस्त्यावरून न मोजता इंटरचेंजवरून मोजायचं: बाहेर पडून शिर्डीत, संभाजीनगरात किंवा जालन्यात जाऊन परत यायला किती. ऑगस्ट २०२५ पासून समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे, त्यामुळे अशी ये-जा निदान खिशाला लागत नाही. आणि १२० ने जायचा मोह झाला तर साडेसहाचा आकडा विसरा, पाच धरा.

चार्जरपाशी पोचल्यावर

गाडी पार्क करून बंद करायची, गन लावायची, खट् आवाज आला पाहिजे. मग क्यूआर कोड स्कॅन, ॲपमध्ये गनचा नंबर, किती रुपयांचं किंवा किती युनिट ते, आणि सुरू. चार्जर आणि गाडी आधी आपसात बोलून घेतात, त्याला ‘हँडशेक’ म्हणतात. अर्धा-एक मिनिट नुसत्या क्लिक क्लिक होतात, तेव्हा घाबरून गन काढू नका. हे बोलणं पुरं होईपर्यंत गनमध्ये वीज येतच नाही. म्हणून भर पावसातही चार्जिंग चालतं. फक्त गनच्या पिनांत पाणी साठलेलं नाही, केबल सोललेली नाही आणि चार्जरच्या बुडाशी तळं झालेलं नाही, एवढं बघायचं.

चार्जर मेलेला वाटला तर आधी त्याच्या अंगावरचं लाल गोल बटण बघा. ते आणीबाणीत दाबायचं असतं, पण पोरंटोरं खेळताना दाबतात किंवा चार्जिंग थांबवायला कुणीतरी त्याच्यावर थाप मारतं आणि निघून जातं. मग चार्जर कुणालाच दाद देत नाही. बटण आत दबलेलं दिसलं तर घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, ते टक् करून बाहेर येतं. मिनिट-दोन मिनिटांत स्क्रीन परत जागी होते. त्यानेही नाही झालं तर चार्जरवरच्या हेल्पलाइनला फोन. ते दूर बसून चार्जर बंद-चालू करू शकतात आणि आपल्या ॲपवर रेंज नसेल तर चार्जिंगही सुरू करून देतात. फोनवर ठिकाणाचं नाव नको, चार्जरवर चिकटवलेला नंबर वाचून दाखवा, काम लवकर होतं.

निघताना गन अडकली तर ओढाताण नको. आधी ॲपमध्ये चार्जिंग थांबवा, मग गाडी अनलॉक करा, मग गन सुटते. आणि ८० टक्के झाले की गाडी हलवा, विशेषतः गणपतीत आणि दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा मागे तीन गाड्या उभ्या असतात. कुणाची गाडी लावलेली आहे हे न कळता तिच्या मालकाला आख्ख्या हॉटेलात शोधत फिरणं हा फार वाईट प्रकार आहे. काचेमागे फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

मुक्काम असेल तर फास्ट चार्जरच्या मागे लागूच नका. खोली ठरवतानाच विचारा, "गाडी लावतो तिथे पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे का? अर्थिंग आहे का? युनिटचे पैसे वेगळे देतो." शेवटचं वाक्य बोललं की मालकाचा सूर बदलतो. दहा तासांत पंचवीसेक युनिट भरतात, म्हणजे तुमची निम्म्याहून जास्त बॅटरी. अर्थिंग नसेल तर गाडीबरोबर मिळालेल्या चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागतो आणि तो काम करायचं नाकारतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांत हे हमखास होतं. जुगाड करून न्यूट्रलला अर्थ जोडून देणारे वायरमन भेटतात, त्यांना नम्रपणे नको म्हणा. तसंच पांढऱ्या एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी कधीही लावू नका. तासन् तास बारा-पंधरा अँपिअर वाहिले की तो वितळतो. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर गाडीच्या सेटिंगमध्ये चार्जिंगचा करंट कमी करा किंवा दुसरा पॉइंट मागा.

परतीच्या प्रवासात हेच गणित उलटं होतं. गोव्याकडून आंबोली चढायची आहे, म्हणजे साडेतीन युनिट जादा, आणि उतारावर मिळालेले दोन युनिट आता मिळणार नाहीत. जाताना या टप्प्याला निम्मी बॅटरी पुरली म्हणून परतीला सावंतवाडी ६० टक्क्यांवर सोडलीत, तर कोल्हापूर नुसतं दिसेल. तिथून निघताना किमान ८५ पाहिजेत, आणि पुढे आजऱ्यात एखादा चार्जर आहे का, ते आदल्या रात्री फोन करून विचारलेलं पाहिजे.